सुटकेची भाकरी

यंदा तारीख नेमकी पितृपक्षात आली, तरी हिम्मतराव ऐकेनात.

"मला सोडलं ते इंग्रजी तारखेनं. तुरुंगाच्या दारात कुणी पंचांग घेऊन उभं नव्हतं," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला, आणि हैदराबादच्या गौलीगुड्यातल्या बिलोलीकरांच्या घरात दरवर्षीप्रमाणे सुटकेच्या जेवणाची तयारी सुरू झाली.

या घरातलं हे शेवटचंच जेवण. एक नोव्हेंबरला हैदराबाद राज्य मोडणार होतं. त्याचे तीन तुकडे तीन राज्यांना जाणार, मराठवाडा मुंबई राज्यात जाणार, आणि बिलोलीकर मराठवाड्यात जाणार, असं सगळं ठरलेलं. घर बेगम बाजारातल्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्यानं घेतलं होतं. तो दोनदा येऊन भिंतींवर टिचक्या मारून गेला, आणि त्या टिचक्यांचा हिम्मतरावांच्या बायकोला, कुसुमताईंना, फार राग आला होता.

जेवणाची रीत अशी. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि हिम्मतराव तुरुंगातून सुटून घरी आले ते बगलेत एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटली घेऊनच. ती तुरुंगातून बाहेर कशी आली, हे त्यांनी आजवर तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं होतं, आणि तिन्ही वेळा खरं सांगितल्यासारखं सांगितलं होतं. दरवर्षी त्या दिवशी त्या ताटलीत तुरुंगातल्यासारखी भाकरी आणि बिनमिठाचं पातळ वरण वाढायचं. हिम्मतरावांनी पहिला घास खायचा, पंगतीतल्या पुरुषांना एकेक तुकडा द्यायचा, आणि मग पुरणपोळी. हिम्मतरावांनी भाकरी मोडेपर्यंत घरात कुणाच्या तोंडात काही जायचं नाही.

भाकरी वाईटच हवी. मध्ये कच्ची, कडेला करपलेली. कुसुमताईंचा हात काही वाईट भाकरी करायला वळत नसे. पहिल्या वर्षी त्यांनी फार प्रयत्न केला आणि भाकरी टम्म फुगली, तेव्हा हिम्मतराव ताटावरून उठायचेच बाकी होते. तेव्हापासून ते काम त्यांच्या नणंदेकडे, तारामतीकडे आलं. ती शाळेत मास्तरीण होती, एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली, आणि तिला हवी तशी वाईट भाकरी जमत असे.

आत्ताही ती काटवटीत पीठ मळत होती, आणि कुसुमताई पुरण वाटता वाटता औरंगाबादच्या घराबद्दल बोलत होत्या.

"पाणी म्हणे लांबून आणावं लागतं. चूल पण अंगणात. आपण दोघी आहोत म्हणून निभेल हो. एकटीच्या जिवावर असलं घर म्हणजे..."

"वहिनी, मी येत नाहीये."

कुसुमताईंचा वरवंटा थांबला. "कुठं येत नाही?"

"औरंगाबादला. मी हैदराबादेतच राहणार आहे. शाळेत तसं सांगितलंय."

"यांना सांगितलंत?"

"आज सांगणार."

"अहो वन्सं, आज कशाला? आजचा दिवस सोडून सांगा की. उद्या सांगा, परवा सांगा."

"उद्या रविवार. परवा दुपारी याद्या जाणार."

मग तिनं सगळं सांगितलं. सरकारी नोकरीतल्या प्रत्येकाला विचारलं होतं, नव्या राज्यात जाणार की इथंच राहणार. तारामतीनं आपल्या मोठ्या बाईंना, इंदुताईंना, इथंच राहते म्हणून सांगितलं होतं. परवा इंदुताईंनीच तिला बाजूला घेऊन सांगितलं, की बाई, तुझं नाव मराठवाड्याच्या यादीत आहे. तुझे भाऊ शिक्षणखात्यातल्या मोठ्या साहेबांना भेटून गेले, बहीण आमच्याबरोबर येणार म्हणाले. तारामती तशीच खात्यात गेली. तिथल्या कारकुनानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि हात जोडून सांगितलं, हिम्मतरावजींचा शब्द आहे, आम्ही कसा मोडणार? त्यांनाच विचारून या.

"म्हणजे आता यांनी शब्द मागे घेतला तरच?"

"तरच. सोमवारी दुपारच्या आत. एकदा यादी गेली की गेली."

कुसुमताईंना राग आला. खरं तर भीती वाटली होती, पण ती रागासारखी बाहेर पडली. "आणि मी काय करू तिकडं? एकटीनं मरू? तुम्हाला काय, तुम्ही मोकळ्या. सांगायचं आणि सुटायचं."

तारामतीनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं नाही, आणि कड करपेपर्यंत तशीच राहू दिली.

*

ओसरीवर हिम्मतरावांचे थोरले भाऊ एकनाथराव वर्तमानपत्र वाचत बसले होते, म्हणजे उर्दू वर्तमानपत्र. त्यांनी सगळं आयुष्य निजामाच्या कोर्टात उर्दूतून वकिली केली. फारसीतली कलमं तोंडपाठ, अर्ज असे लिहायचे की मुन्सिफ दोनदा वाचायचा, एकदा निकालासाठी आणि एकदा मौजेसाठी. आता कोर्टात इंग्रजी आणि उद्या तेलुगू. वय साठीला टेकलेलं. बिलोलीच्या शेतावर जाऊन बसायचं त्यांनी कबूल केलं होतं, पण पुस्तकांच्या पेट्या अजून बांधल्या नव्हत्या.

त्यांचा मुलगा दत्तात्रय तारनाक्याहून सायकल मारत आला. रेल्वेच्या कचेरीत लागला होता, तिथल्याच एका खोलीत राहत होता, आणि तो काही मराठवाड्यात जाणार नव्हता. शाळकरी वयात तो नलगोंड्याकडच्या लाल बावट्याच्या पोरांच्या नादाला लागला होता, निरोप पोचवायचा, पत्रकं वाटायचा. आता फक्त वाद घालायचा.

"बाबा, कावळे बसलेत कौलावर. पितृपक्षात पोळ्या तळतायत म्हणून वास लागला वाटतं."

"पोळी तळत नाहीत, भाजतात. मुलूख सोडलास तो सोडलास, स्वयंपाक तरी विसरू नकोस," एकनाथराव वर्तमानपत्रामागून म्हणाले. "आणि आज जरा गप्प बस. दरवर्षी काकाशी भांडतोस, आणि दरवर्षी मला जेवायला उशीर होतो."

"मी काय बोललो? ते बोलायला लावतात."

"ते बोलोत. भूक मला लागते."

*

पंगत बसली. तिघंच पुरुष, तीन पाट. मधल्या पाटासमोर जागा मोकळी, कारण तिथं ताटली यायची होती. हिम्मतराव बसले. खादीचं धोतर, पांढरी टोपी, पाठ ताठ. दरवर्षी ते या वेळी चार वाक्यं बोलत. चारही वाक्यं घरात सगळ्यांना पाठ होती, आणि शेवटचं असं होतं: आज या ताटलीत ही भाकरी आहे, म्हणून त्या ताटांत पोळी आहे.

यंदा ते जास्त बोलले.

"हे घर सुटतंय, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मी शाळेत मराठी बोललो म्हणून छड्या खाल्ल्यात. माझ्या बापानं स्वतःच्या जमिनीचा अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेतला, दुसऱ्याकडून वाचून घेतला आणि भलत्याच ठिकाणी अंगठा दिला. आता आपल्या भाषेत कोर्ट, आपल्या भाषेत कचेरी. स्वातंत्र्य म्हणजे दुसरं काय असतं?"

"मी त्याच शाळेत उर्दू शिकलो," एकनाथराव म्हणाले, "आणि तू आत होतास तेव्हा हे घर त्या उर्दूवर चाललं. आता मी कोर्टात गेलो, तर आपल्या बापासारखा अंगठा द्यायची पाळी माझी."

"अण्णा, तुम्हाला निजाम बरा वाटत होता."

"निजाम बरा नव्हता. पण दाराला आतून कडी लावून मनाला येईल ते वाचलं, तर दार ठोकायला कुणी येत नव्हतं. माझं स्वातंत्र्य तेवढंच होतं बाबा. लहान होतं, पण होतं."

दत्तात्रयाला गप्प बसवेना. "काका, परेशान होऊ नका, एकच विचारतो. तुम्ही सुटलात, छान झालं. पण नलगोंड्याकडं ज्यांनी गढीवाल्या जमीनदाराच्या जमिनी वाटून घेतल्या होत्या, त्यांच्यावर तुमच्याच सरकारची फौज गेली. गढीवाला परत आला, डोक्यावर टोपी घालून. हीच, तुमच्यासारखी. त्यांना विचारा, स्वातंत्र्य कधी आलं. ते म्हणतील, आलं होतं, मग गेलं."

"ज्यांच्या हातात बंदुका होत्या त्यांच्यावर फौज जाणारच."

"आणि आपली बिलोलीची जमीन? कसतात भामा आणि तिचा नवरा. ही भाकरी त्यांच्याच ज्वारीची. पोळी आपल्या ताटात."

"तू येतोस का बिलोलीला नांगर धरायला?" हिम्मतराव म्हणाले. "तारनाक्यात पंख्याखाली बसून बोलणं सोपं आहे."

"आणि तुम्ही मराठीच्या राज्यात चाललात म्हणता, पण ते मुंबई राज्य द्वैभाषिक आहे म्हणे. गुजराती शिकायला लागा आता."

एकनाथरावांना हसू आलं. ते त्यांनी पाण्याच्या भांड्यात लपवलं. हिम्मतराव लाल झाले. "आणा ती ताटली!" ते आतल्या दिशेनं म्हणाले.

तारामती ताटली घेऊन आली. भाकरी, वरण, सगळं बरोबर होतं. पण तिनं ताटली खाली ठेवली नाही, हातातच धरली.

"दादा, सोमवारी तुमचा शब्द मागे घ्या."

"कुठला शब्द?"

"माझ्या नावाचा. मी औरंगाबादला येणार, असं तुम्ही खात्यात सांगून आलात."

"मग? चांगली शाळा बघितलीय तुझ्यासाठी. घरापासून दहा पावलांवर. ठेव ती ताटली."

"मी येणार नाही. मी इथंच राहणार आहे."

हिम्मतराव हसलेच. त्यांना ते गमतीचं वाटलं. "इथं? कुणाकडे?"

"इंदुताईंच्या घरामागं एक खोली आहे. बघून आले. कडी आतून लागते."

"एकटी? खोली घेऊन? अगं, काय बोलतेस तू? बिलोलीकरांची मुलगी खोली घेऊन राहणार?" मग त्यांचा आवाज खाली आला, आणि तो दुखावलेला होता. "काय कमी पडलं तुला आमच्यात? कुणी अडवलं? शाळेत जातेस, येतेस. विधवा बाईला एवढी मोकळीक किती घरांत आहे, दाखव मला."

"अडवलं की. तुम्ही सुटून आलात त्या दिवशी."

बाहेर कावळे ओरडत होते. दत्तात्रयानं मान वर केली.

"तुम्ही आत होतात तेव्हा दर रविवारी डबा घेऊन मी यायची," तारामती म्हणाली. तिचा आवाज वर्गात धडा समजावून सांगावा तसा सरळ होता. "अण्णांनी पाठवलं. त्यांना स्वतः येता येईना, निजामाच्या कोर्टातला वकील तुरुंगाच्या दाराशी कसा उभा राहणार? अण्णा, तुम्ही काय म्हणाला होतात, आठवतं?"

एकनाथराव पानातल्या चटणीकडे बघत राहिले. "विधवेकडे कोण बघतंय, म्हणालो होतो."

"हो. आणि खरंच कुणी बघितलं नाही. रझाकारांची लॉरी ओरडत जायची, तेव्हा भिंतीला धरून उभी राहायची. पण जायची. जन्मात पहिल्यांदा रस्त्यावर एकटी. आणि येताना सरळ घरी यायची नाही मी, दादा. बेगम बाजारातून यायची. काही घ्यायचं नसायचं. हळदीच्या पोत्यांपाशी थांबायचं, भाव विचारायचा, महाग आहे म्हणायचं आणि पुढं जायचं. नुसतं हिंडायचं. तिथंच इंदुताई भेटल्या. त्यांनीच शाळेत नेलं. पहिलीच्या मुलींना शिकवायला लागले. घरात कुणी विचारलं नाही, कारण विचारणारे तुम्ही, तुम्ही आत होतात."

"तारे..."

"देवाशपथ सांगते, तुम्ही सुटावं म्हणून रोज दिवा लावायची. त्यात खोटं नाही. पण तुम्ही आत होतात तेव्हा मी मोकळी होते. मग तुम्ही आलात. ही ताटली कोनाड्यात ठेवलीत, हातपाय धुतलेत आणि पहिलं वाक्य बोललात, तारे, आता तुला बाहेर जायची गरज नाही, मी आलोय. दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. पुन्हा सुरू व्हायला अडीच वर्षं लागली. आणि दरवर्षी त्याच दिवशी ही भाकरी मी थापते."

"मी काळजीनं म्हणालो होतो," हिम्मतराव म्हणाले.

"माहीत आहे. म्हणून तर काही बोलता आलं नाही."

दत्तात्रय उत्साहानं पुढं झाला. त्याला बोलायला जागा सापडली होती. "आत्या, सोड ना. सीधी बात आहे. तू माझ्याकडं चल तारनाक्याला. माझी खोली मोठी आहे, मी कधी तुला अडवणार नाही. मला पण हॉटेलचं खाऊन कंटाळा आलाय."

"तुझ्याकडेही नको," तारामती म्हणाली.

एकनाथराव मोठ्यानं हसले. कोर्टात बाजू उलटली की हसायचे तसे. "घ्या. लाल बावटा पण गेला." मग गंभीर होऊन म्हणाले, "हिम्मत, असू दे तिला खोली. मी तिला तुरुंगाच्या दारात उभं केलं होतं, माझ्या भित्रेपणापायी. माझं म्हणणं, तिला राहू दे."

"तुम्ही मध्ये पडू नका, अण्णा." हिम्मतराव उठले. ताटली तारामतीच्या हातातच राहिली. त्यांनी चूळ भरली नाही, हात धुतले नाहीत, काही खाल्लंच नव्हतं. ओसरी ओलांडून ते जिन्यानं माडीवर गेले.

आता पेच असा, की भाकरी मोडली नव्हती. दोघं पुरुष पानांवर बसलेले, पोळ्या गार होत चाललेल्या, आणि रीतीप्रमाणे कुणी घास घ्यायचा नाही. कुसुमताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या पुढं आल्या, नणंदेच्या हातातली ताटली घेतली आणि हिम्मतरावांच्या पाटाकडं बोट केलं.

"बसा, वन्सं. तुम्ही मोडा भाकरी."

"मला नको ती भाकरी, वहिनी. सात वर्षं थापतेय, चव माहीत आहे." तारामती पाटावर बसली. "मला पोळी वाढा. तूप जास्त घाला."

कुसुमताईंनी पोळी वाढली. तारामतीनं सगळ्यांच्या आधी घास घेतला. एकनाथरावांनी क्षणभर वाट बघितली, आणि मग तेही जेवू लागले, कारण त्यांना खरोखरच फार भूक लागली होती. दत्तात्रय रुसला होता, पण त्यानं चार पोळ्या खाल्ल्या.

*

रविवारी हिम्मतराव कुणाशी बोलले नाहीत. माडीवर पेट्या भरत बसले. एक पेटी भरायचे, मग उपसून पुन्हा भरायचे. दुपारी कुसुमताई चहा घेऊन वर गेल्या.

"तिला तिकडं काय मिळणार नव्हतं?" ते एकदम म्हणाले. "मी तिचं वाईट चिंतलं का कधी?"

"नाही."

"मग? चार लोकांत मला काय तोंड राहिलं? ज्या दिवसाचा मी सण करतो, त्या दिवशी ती..." ते थांबले. "मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत का?" कुसुमताईंनी कप त्यांच्या हातात दिला. "तुम्ही आत होतात तेव्हा दर रविवारी संध्याकाळी तीच मला येऊन सांगायची. आज खोकला कमी होता, आज हसले, आज कुसुमला जप म्हणाले. मी उंबऱ्यात बसून वाट बघायची. ती उशिरा यायची. कुठून येते, मी पण नाही विचारलं. मला तुमची खुशाली मिळाली की झालं."

हिम्मतराव चहा पीत नव्हते.

"मला ती हवीय," कुसुमताई म्हणाल्या. "खरं सांगते. औरंगाबादच्या त्या अंगणातल्या चुलीपाशी मी रडणार आहे तिच्यावाचून. काल मी तिला टोचून बोलले, मोकळ्या आहात म्हणाले. रात्रभर मलाच ते लागून राहिलं. तरी सांगते, सोडा तिला." त्यांना हुंदका आला आणि त्या खाली निघून गेल्या.

*

सोमवारी सकाळी तारामती निघाली, तेव्हा हिम्मतराव दारात टोपी घालून उभे होते.

"चल. मी सांगतो साहेबांना. म्हणतो, राहू द्या हैदराबादेतच. माझा शब्द ते मोडणार नाहीत."

तारामती चपला घालता घालता थांबली. "मग मी तुमच्याच शब्दावर राहीन, दादा. तिकडं नेलं असतंत तेही तुमच्या शब्दावर, आणि इथं ठेवलंत तेही."

हिम्मतरावांच्या ते एकदम लक्षात आलं नाही. अर्ध्या रस्त्यात आलं. पण ते परत फिरले नाहीत, तिच्या मागून दोन पावलं चालत राहिले.

खात्याच्या इमारतीपुढं लिंबाचं झाड होतं आणि झाडाखाली बाक. तिथं पोचल्यावर ते म्हणाले, "तू जा आत. मी इथं बसतो."

"ते पुन्हा तुम्हालाच विचारतील."

"विचारू देत."

ती आत गेली. तिची छत्री आणि डब्याची पिशवी त्यांच्याकडे राहिली. थोड्या वेळानं पट्टेवाला आला. त्यानं त्यांना ओळखलं, लगबगीनं जवळ आला.

"अरे साब, आप बाहर कायकू बैठे? अंदर आव, पंखा है. साब को आपका नाम बोल देतूँ."

"नक्को. नाम मत बोलो."

"किसके साथ आए साब?"

"बहन के साथ," हिम्मतराव म्हणाले.

पट्टेवाला काहीतरी घोटाळा आहे असं समजून गेला. ऊन वाढलं. बाकावर आणखी माणसं येऊन बसली, उठून गेली. आतून नावं पुकारली जात होती. हिम्मतरावांनी पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. तुरुंगात असताना रविवारी जाळीपलीकडे तारा पाच मिनिटं दिसायची, हसायची, डबा सरकवायची. त्या पाच मिनिटांसाठी ती बाहेर किती वेळ उभी असायची, हे त्यांच्या डोक्यात आजवर कधी आलं नव्हतं. उन्हात की सावलीत, तेही माहीत नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

शेवटी एक कारकून फाटकापर्यंत आला आणि हात जोडून उभा राहिला. मागं तारामती होती.

"हिम्मतरावजी, आपण सांगितलं होतं मराठवाडा. आणि बाईजी म्हणतात हैदराबाद. आपण फक्त एक शब्द सांगा, काय लिहू?"

हिम्मतरावांनी बहिणीकडे बघितलं. तिचा चेहरा कोरडा होता, पण छत्री नसल्यानं रिकामा हात तिनं पदरात घट्ट गुंडाळला होता. लहानपणी मास्तर मारायला आले की ती तसंच करायची.

"ती काय म्हणते ते लिहा," हिम्मतराव म्हणाले. "मला विचारू नका. आजही नाही, पुढंही नाही."

कारकून आत गेला, तारामती त्याच्या मागं गेली, आणि ती परत आली तेव्हा उन्हं डोक्यावर होती.

"झालं?"

"झालं."

हिम्मतरावांना बरंच काही म्हणायचं होतं. ताटलीचं काय करायचं, हेही विचारायचं होतं. त्यांनी छत्री तिच्या हातात दिली.

"चल, घरी कुसुम वाट बघत असेल."

"तुम्ही व्हा पुढं, दादा," तारामती म्हणाली. "मी बेगम बाजारातून येते."

काही आणायचंय का, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी विचारलं नाही. डब्याची पिशवी काखेत मारून ते एकटे गौलीगुड्याच्या रस्त्याला लागले.